नेफा चौकशीवरील संसदीय निवेदन, १९६३

नेफा चौकशीवरील संसदीय निवेदन : भारत-चीन संघर्षात (१९६२) ईशान्य सीमा प्रदेशात (नेफा, विद्यमान अरुणाचल प्रदेश) भारतीय सेनेचा जो पराभव झाला, त्याच्या लष्करी चौकशीचे निष्कर्ष सांगणारे निवेदन. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१९१३–८४) यांनी ते २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत केले. मूळ चौकशी-अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यास त्यांनी या निवेदनात नकार दिला, परंतु त्याचबरोबर त्याचे मुख्य निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत सभागृहास सांगितले. संसदेस उत्तर देण्याचे मंत्र्याचे कर्तव्य आणि देशाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असणारी गुप्तता यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाच्या दृष्टीने स्वतंत्र भारताच्या संसदीय इतिहासात या निवेदनास विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : १९५४ च्या भारत-चीन करारानंतर काही वर्षे उभय देशांचे संबंध वरकरणी स्नेहाचे होते. अक्साई चीन भागातून चीनने बांधलेला रस्ता, तिबेटमधील उठाव, दलाई लामांचे भारतातील आगमन आणि लाँगजू व काँगका खिंड येथील चकमकी यांमुळे १९५९ मध्ये हे चित्र पालटले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पंडित जवाहरलाल नेहरू यांनी चीनबरोबर झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेपुढे ठेवला. तेव्हापासून सीमेचा प्रश्न मंत्रालयाच्या दप्तरातून बाहेर पडून संसदेच्या व जनतेच्या चर्चेचा विषय बनला. सभागृहात सरकारवर सतत दबाव येऊ लागला व वाटाघाटींतील लवचिकपणास फारसा वाव उरला नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये सीमेवर शक्य तितक्या पुढे जाऊन ठाणी उभारण्याचे धोरण ठरले. त्यास पुढे ‘अग्रेसर धोरण’ असे नाव पडले. या ठाण्यांना आधार देण्यास लागणारे सैन्य, रस्ते व रसद यांची तरतूद मात्र त्या वेगाने होऊ शकली नाही.

सप्टेंबर १९६२ मध्ये थागला कड्याजवळील धोला ठाण्याला चिनी सैनिकांनी वेढा दिला. त्यांना तेथून हुसकून लावण्याचा निर्णय दिल्लीत झाला व सातवी ब्रिगेड नामकाचू नदीच्या खोऱ्यात उतरविण्यात आली. २० ऑक्टोबर रोजी चिनी सैन्याने तेथे व लडाखमध्ये एकाच वेळी मोठा हल्ला चढविला. पुढील काही दिवसांतच तवांग पडले. नोव्हेंबरच्या मध्यास दुसरा हल्ला होऊन सेला व बोमडिला ही ठिकाणे भारताच्या हातून गेली आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील आसामची जनता भयग्रस्त झाली. २१ नोव्हेंबर रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी अंमलात आणली. या संघर्षात भारताचे १,३८३ सैनिक मृत्युमुखी पडले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ युद्धकैदी झाले, असे अधिकृत आकडे नंतर देण्यात आले.

पराभवाची पहिली झळ संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना पोहोचली. ऑक्टोबरअखेर त्यांच्याकडील संरक्षण खाते नेहरूंनी स्वतःकडे घेतले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन यांना मंत्रिमंडळातूनच बाहेर पडावे लागले. ८ नोव्हेंबरला संसदेचे अधिवेशन सुरू झाले. युद्ध चालू असतानाही शंभराहून अधिक सदस्यांनी चर्चेत भाग घेतला. ही चर्चा गुप्त बैठकीत व्हावी अशी सूचना पुढे आली होती, पण नेहरूंनी ती स्वीकारली नाही. देशाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न देशासमोरच चर्चिला जावा, अशी त्यांची भूमिका होती. १४ नोव्हेंबर रोजी आक्रमकास भारताच्या भूमीवरून हाकलून लावण्याचा निर्धार व्यक्त करणारा ठराव सभागृहाने उभे राहून संमत केला. त्यानंतर आठवडाभरातच सेला व बोमडिला पडल्याने या ठरावातील निर्धार व प्रत्यक्ष सामर्थ्य यांतील अंतर सर्वांच्या डोळ्यांपुढे आले.

चव्हाणांची नियुक्ती : महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना नेहरूंनी दिल्लीस पाचारण केले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, म्हणजे युद्धबंदीच्याच दिवशी, त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धावून गेला, या शब्दांत महाराष्ट्राने त्या घटनेचे वर्णन केले व ते मराठीत रूढ झाले. द्वैभाषिक मुंबई राज्याचा कारभार व संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा काळ यांतून गेलेल्या चव्हाणांना प्रक्षुब्ध विधिमंडळापुढे उभे राहण्याचा दांडगा अनुभव होता. संरक्षण व्यवहाराशी मात्र त्यांचा पूर्वी प्रत्यक्ष संबंध आलेला नव्हता. पराभवास कारणीभूत झालेल्या एकाही निर्णयात त्यांचा वाटा नव्हता, ही त्यांची जमेची बाजू होती. तथापि संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार असते. त्यामुळे पूर्वसूरींच्या चुकांविषयी सभागृहास उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ती पार पाडताना त्यांना तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळावयाच्या होत्या : सैन्याचे खचलेले मनोधैर्य, पंतप्रधानांचा विश्वास आणि संसदेचा अधिकार.

चौकशीचे स्वरूप : जनरल प्राणनाथ थापर यांच्यानंतर भूसेनाध्यक्ष झालेले जनरल जयंतनाथ चौधरी यांनी डिसेंबर १९६२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. लेफ्टनंट जनरल टी. बी. हेंडरसन ब्रुक्स हे चौकशी समितीचे प्रमुख होते. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी आणि डेहराडून येथील इंडियन मिलिटरी ॲकॅडेमीचे प्रमुख ब्रिगेडिअर प्रेमिंद्र सिंग भगत हे त्यांचे सहकारी होते. सैन्याचे प्रशिक्षण, शस्त्रास्त्रे व साधनसामग्री, हुकमतीची व्यवस्था, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि हाताखालच्या सैनिकांवर प्रभाव पाडण्याची सर्व स्तरांवरील सेनाधिकाऱ्यांची कुवत, असे पाच विषय समितीकडे सोपविलेले होते. समितीने आपला अहवाल मे १९६३ मध्ये भूसेनाध्यक्षांना सादर केला व जुलैमध्ये तो त्यांच्या अभिप्रायासह संरक्षणमंत्र्यांकडे आला.

ही चौकशी सेनेने सेनेचीच केलेली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. भूसेना मुख्यालयाच्या कारभाराची तपासणी समितीने करू नये, असे भूसेनाध्यक्षांनी सुचविले होते. मंत्रालयातील बैठकांची टिपणे व सरकारी निर्णयांची कागदपत्रे समितीपुढे नव्हती. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातील दार्दानेल्स मोहिमेच्या अपयशाची चौकशी करण्यासाठी १९१६ मध्ये संसदेने खास कायदा करून आयोग नेमला होता व त्याने मंत्र्यांच्याही साक्षी घेतल्या होत्या. नेफा चौकशीचे क्षेत्र त्या मानाने फारच मर्यादित होते.

संसदेतील परिस्थिती : निवेदन झाले त्या वेळी सरकारची संसदेतील प्रतिष्ठा स्वातंत्र्योत्तर काळात प्रथमच डळमळीत झालेली होती. मे १९६३ च्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया व मिनू मसानी हे सरकारचे कडवे टीकाकार लोकसभेवर निवडून आले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेत मांडण्यात आलेला हा पहिलाच अविश्वास ठराव होय. चार दिवसांच्या चर्चेनंतर तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. तथापि मतांच्या आकड्यांनी पराभवाच्या कारणांचा उलगडा होण्यासारखा नव्हता. त्याच सुमारास कामराज योजनेनुसार मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम प्रभृती सहा केंद्रीय मंत्र्यांनी पदत्याग केला. या घडामोडी ताज्या असतानाच चव्हाण लोकसभेत निवेदनासाठी उभे राहिले.

निवेदनातील युक्तिवाद : निवेदनाच्या आरंभीच्या भागात चव्हाणांनी गुप्ततेचे समर्थन केले. अहवालात सैन्याचे बळ, त्याची मांडणी व ठिकाणे यांविषयी माहिती असून ती शत्रूच्या उपयोगी पडेल, तसेच सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकांच्या मनोधैर्यावर तिचा अनिष्ट परिणाम होईल, असे त्यांनी सांगितले. काटछाट केलेला अहवाल द्यावा, तर त्यातून अपुरे व एकांगी चित्र निर्माण होईल, म्हणून तोही मार्ग त्यांनी नाकारला. सभागृहापासून हा दस्तऐवज दूर ठेवावा लागत असल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. चिनी सैन्य सीमेपलीकडे सज्ज असताना व भारतीय सैन्याची पुनर्रचना नुकतीच सुरू झालेली असताना हा युक्तिवाद वजनदार होता.

त्यानंतर त्यांनी पाचही विषयांवरील निष्कर्ष क्रमाने सांगितले. सैनिकांचे मूलभूत प्रशिक्षण चांगले होते. पण डोंगराळ प्रदेशातील युद्धाच्या व विशेषतः चीनशी होणाऱ्या युद्धाच्या दृष्टीने त्यास वळण दिलेले नव्हते. चिनी सैन्याचे डावपेच, शस्त्रे व कुवत यांची पुरेशी माहिती आपल्या सैनिकांना नव्हती. साधनसामग्रीची एकंदरीत टंचाई होती, हे त्यांनी मान्य केले. परंतु पुष्कळ बाबतींत खरी अडचण सामग्रीच्या अभावापेक्षा वाहतुकीची होती. मैदानी प्रदेशातील शेवटच्या तळापर्यंत पोहोचलेला माल तेथून पुढे विमानाने, खेचरांवरून किंवा हमालांच्या पाठीवरून आघाडीपर्यंत वेळेवर नेता आला नाही. सैनिकांना घाईघाईने सपाट प्रदेशातून उंच पर्वतांवर न्यावे लागले, रस्ते नव्हते आणि वाहने जुनी होती. आपली शस्त्रे चिनी शस्त्रांशी तुलना करता कमी प्रतीची नव्हती, असेही त्यांनी नमूद केले.

हुकमतीच्या व्यवस्थेविषयीचा निष्कर्ष अधिक बोलका होता. व्यवस्था मूलतः सदोष नव्हती, मात्र रूढ आज्ञासाखळी सोडून व्यवहार झाला तेथे अडचणी उद्भवल्या, आणि असे प्रकार मुख्यतः घाई व पूर्वनियोजनाचा अभाव यांमुळे घडले. वरिष्ठ मुख्यालये रणभूमीवरील बारीकसारीक डावपेचांत, अगदी कोणत्या कामगिरीवर कोणती तुकडी पाठवावयाची यांतसुद्धा, हस्तक्षेप करीत होती, असे चौकशीत आढळले. कनिष्ठ अधिकाऱ्यांचा दर्जा समाधानकारक होता, पलटणींचे प्रमुख इतर कोणत्याही सैन्यात असतात तसे बरेवाईट होते आणि काही अपवाद वगळता ब्रिगेडच्या प्रमुखांनीही आपले काम यथायोग्य केले. उणिवा ठळकपणे दिसल्या त्या त्याहून वरच्या स्तरावर. सैनिकांची शारीरिक क्षमता चांगली होती; तथापि उंचीवरील विरळ हवेची सवय होण्याआधीच त्यांना लढावे लागले, याचा परिणाम टळण्यासारखा नव्हता.

मूळ विषयांच्या अनुषंगाने पुढे आलेल्या आणखी तीन बाबींचाही निवेदनात परामर्श होता. गुप्तवार्ता मिळविण्याचे काम असमाधानकारक होते. बातम्या मंद गतीने येत, त्या मोघम असत व त्यांवरून शत्रूच्या जमवाजमवीचे सलग चित्र उभे केले जात नव्हते. मुख्यालयांतील नियोजनाचे व कागदोपत्री कामकाजही सुधारावयास हवे होते. तिसरी बाब युद्धाच्या सर्वोच्च मार्गदर्शनाची. कितीही मोठ्या व सुसज्ज सैन्याला शासनाकडून योग्य धोरणात्मक आदेश मिळावे लागतात. ते सैन्याच्या संख्याबळाशी व साधनांशी सुसंगत असले पाहिजेत. सैन्य वाढविण्यास पैशाइतकाच वेळही लागतो, असे चव्हाणांनी सांगितले. कोणाचेही नाव न घेता व सर्वसाधारण तत्त्वाच्या रूपात मांडलेले हे विधान निवेदनातील सर्वांत अर्थगर्भ ठरते. सैन्याच्या कुवतीबाहेरचे आदेश दिले गेले, ही कबुली त्यात अध्याहृत आहे.

चौथ्या डिव्हिजनविषयी बोलताना मात्र त्यांनी स्पष्ट भाषा वापरली. दुसऱ्या महायुद्धात एरिट्रिया, उत्तर आफ्रिका व इटली येथे नाव मिळविलेल्या या डिव्हिजनला नेफामध्ये अपयश आले. पण त्या वेळी ती केवळ नावाचीच चौथी डिव्हिजन होती. तिच्या मूळ पलटणी अन्यत्र होत्या आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून घाईने आणलेल्या तुकड्या तिच्या नावाखाली लढल्या, असा खुलासा त्यांनी केला. पराभूत सैनिकाची अब्रू राखणे हाही निवेदनाचा एक हेतू होता, हे यावरून दिसते.

कार्यपद्धतीचा आधार : मंत्र्याने एखाद्या अप्रकाशित सरकारी कागदपत्रातील मजकूर सभागृहात उद्धृत केल्यास तो कागद पटलावर ठेवला पाहिजे, असा लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम आहे. कागद उघड करणे सार्वजनिक हिताच्या विरुद्ध असल्याचे मंत्र्याने सांगितल्यास किंवा त्याचा सारांश मंत्र्याने स्वतःच्या शब्दांत दिल्यास हे बंधन राहत नाही. चव्हाणांचे निवेदन या चौकटीत तंतोतंत बसणारे होते. या पद्धतीत सभागृहाला निष्कर्ष कळतात. परंतु त्यांना आधारभूत असलेला पुरावा तपासता येत नाही व सारांश मुळाशी कितपत इमानी आहे याची खात्री करून घेता येत नाही. मंत्र्याच्या शब्दावरील विश्वास हाच अशा वेळी संसदीय नियंत्रणाचा एकमेव आधार उरतो.

परिणाम : निवेदनाने तात्कालिक हेतू साधले. सैन्यातील दोषारोपांची साखळी थांबली आणि पुनर्रचनेच्या कामास अवसर मिळाला. चव्हाणांचे तत्कालीन खाजगी सचिव राम प्रधान यांनी पुढे लिहिलेल्या डिबेकल टू रिव्हायव्हल (१९९९) या ग्रंथावरून असे दिसते की, पंतप्रधानांशी परस्परविश्वासाचे नाते जोडणे हे चव्हाणांपुढील मोठे आव्हान होते आणि हा अहवाल कौशल्याने हाताळल्यामुळे ते त्यांना साधले. भूसेनेचे संख्याबळ सव्वाआठ लाखांपर्यंत नेणारी व वायुसेनेस ४५ स्क्वाड्रन देऊ करणारी पंचवार्षिक संरक्षण योजना १९६४ मध्ये आखण्यात आली. पर्वतीय युद्धासाठी खास डिव्हिजन उभारण्यात आल्या. १९६५ च्या भारत-पाक युद्धात सैन्याने परत मिळविलेला आत्मविश्वास दिसून आला.

राजकीय जबाबदारीचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. मेनन, थापर व चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल ब्रिजमोहन कौल हे पदावरून गेले होते, तरी कोणता निर्णय कोणी व कोणत्या माहितीच्या आधारे घेतला, हे संसदेस अधिकृतपणे कधीच कळले नाही. ही पोकळी संबंधितांच्या आठवणींनी भरून काढली. कौल यांचे द अनटोल्ड स्टोरी (१९६७) आणि नामकाचू येथे कैद झालेले ब्रिगेडिअर जॉन दळवी यांचे हिमालयन ब्लंडर (१९६९) ही पुस्तके परस्परविरोधी बाजू मांडतात. नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने तर खुद्द अहवालाच्या आधारे इंडियाज चायना वॉर (१९७०) हा भारताच्या धोरणास दोष देणारा ग्रंथ लिहिला. संसदेस जे पाहावयास मिळाले नाही, ते अशा रीतीने एका परदेशी लेखकाच्या निवडीतून वाचकांपर्यंत पोहोचले.

अहवालाविषयीची सरकारी भूमिका पुढे पक्षभेदापलीकडे कायम राहिली. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकार कायद्याखाली केलेली मागणी केंद्रीय माहिती आयोगाने २००९ मध्ये अमान्य केली. अहवालातील मजकुराचे लष्करी महत्त्व अद्याप टिकून असल्याचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१० मध्ये लोकसभेस सांगितले. मार्च २०१४ मध्ये मॅक्सवेल यांनी अहवालाचा बराच मोठा भाग प्रसृत केला. पुरेशा साधनांवाचून अंमलात आणलेल्या अग्रेसर धोरणावर त्यात कठोर टीका आढळते. त्या वेळी राज्यसभेतील विरोधी पक्षनेते असलेले अरुण जेटली यांनी अशी कागदपत्रे अनिश्चित काळ गुप्त ठेवण्यावर आक्षेप घेतला होता. पण त्याच वर्षी जुलैत संरक्षणमंत्री या नात्याने राज्यसभेस उत्तर देताना, अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नसल्याचे त्यांनी सांगितले. याउलट कारगिल संघर्षानंतर (१९९९) के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. गोपनीय भाग बाजूस काढूनही अहवाल सादर करता येतो, हे त्यावरून दिसून आले.

मूल्यमापन : चव्हाणांच्या निवेदनाचे मोल दुहेरी आहे. शत्रू दाराशी असताना अहवाल गुप्त ठेवण्यास सबळ कारण होते आणि तरीही सरकारला व सैन्याला अडचणीचे ठरणारे निष्कर्ष त्यांनी सभागृहापासून लपविले नाहीत. गुप्ततेचा दावा करणारा मंत्री संसदेला किती सांगू शकतो, याचा तो चांगला दाखला आहे. परंतु १९६३ च्या परिस्थितीत योग्य ठरलेला नकार परिस्थिती पालटल्यावरही पुनःपुन्हा दिला गेला. सैन्याची मांडणी, ठाणी व शस्त्रे कालांतराने बदलतात. पराभवाच्या कारणांची चिकित्सा मात्र पुढील पिढ्यांनाही उपयोगी पडते. गुप्ततेस मुदत नसली, म्हणजे सुरक्षिततेसाठी पत्करलेले मौन जबाबदारी टाळण्याचे साधन होण्याचा धोका असतो, हा या प्रकरणाचा बोध होय. निवेदनात सांगितलेल्या उणिवांची दुरुस्ती सैन्याने बऱ्याच अंशी केली. धोरण आणि सामर्थ्य यांचा मेळ घालण्याविषयी त्यात जे एक वाक्य होते, त्याची सविस्तर चर्चा संसदेत व्हावयाची राहून गेली.